इंगळ्यांनी न केलेली सही

ज्या माणसाने माझं आयुष्यातलं सर्वांत मोठं काम बुडवलं, त्याच्याबद्दल चांगलं लिहावं अशी माझी अजिबात इच्छा नाही. पण परवा पोह्याच्या दुकानात टीव्हीवर बातमी चालली होती. कुठल्यातरी देशावर मिसाईलं आली आणि खालून दुसरी मिसाईलं जाऊन त्यांनी ती हवेतच फोडली. दुकानातली माणसं जिलेबी हातात धरून, "गजब भिया, गजब!" म्हणत आकाशातला धूर बघत होती. मी एकटाच पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघत होतो. तिथे एक ट्रक उभा होता, त्याच्यामागे आणखी एक, आणि दोघांच्या मध्ये मनगटाएवढी जाड केबल. मनात आलं, यांची जनरेटरची गाडी कुठे आहे? हवा सुकवायचं मशीन कुठे ठेवलंय? आणि मग स्वतःचाच राग आला. हे बघायला मला इंगळ्यांनी शिकवलं होतं, आणि त्यांनी शिकवलेलं काही माझ्या डोक्यात उरावं हे मला मंजूर नव्हतं.

धर्मपाल इंगळे महूचे. आजोबा फौजेत, वडील फौजेत, हेही फौजेत. मिसाईलने विमानं पाडणाऱ्या तुकडीत त्यांनी वीसेक वर्षं रडारवर काढली. मिसाईलला त्यांनी कधी हात लावला नसेल. त्यांचं काम होतं रडारच्या आतली हवा कोरडी ठेवणं. तिथून सुटल्यावर इंदूरच्या एका मिलमध्ये लागले, तर तिथे काम मिळालं हवेत ओलावा ठेवणाऱ्या प्लांटवर, कारण हवा कोरडी झाली की मागावर सूत तुटतं. "आधी वीस वर्षं हवा सुकवली, आता भिजवतो," असं ते म्हणत. म्हणताना हसत मात्र नसत. ते हसण्याजोगं काही बोलले तरी चेहरा कॅलेंडरवरच्या तारखेसारखा.

किडकिडीत माणूस, कॉलरपर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, मे महिन्यातसुद्धा. चष्म्याच्या काड्यांना सुतळी. उजव्या अंगठ्याचं नख थोडं वाढवलेलं, कारण त्या नखाने ते पृष्ठभाग तपासत. डोळ्याला न दिसणारा ओरखडा त्या नखाला अडकत असे.

माझी त्यांची पहिली गाठ इंदूरच्या सियागंज बाजारात पडली. आमचे पूर्वज दरबारात शिलेदार होते असं वडील सांगत. त्या शिलेदारीतून मला फक्त मोठा आवाज मिळाला. तेव्हा मी एका हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याबाहेरचा माणूस होतो, म्हणजे माल उचलणे, दाखवणे आणि गिऱ्हाइकाशी भांडणे. मिलच्या स्टोअरला आम्ही बेअरिंगं पुरवायचो. एक दिवस हे गृहस्थ चोवीस बेअरिंगांची पेटी घेऊन आले आणि दुकानाच्या पायरीवर बसले. एकेक बेअरिंग काढायचं, कानाशी धरायचं, बोटाने फिरवायचं, ऐकायचं, बाजूला ठेवायचं. अर्धा तास. आमची पायरी अडली.

मी म्हटलं, "काका, बेअरिंग है, रेडियो नहीं."

ते म्हणाले, "मराठी आहात ना? मग मराठीत भांडा. ही तीन फेल."

"अहो, थोडं ग्रीस मारलं की चालेल."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी आईवरून शिवी दिली. मग पुढे कळलं, 'चालेल' हा शब्द हा माणूस वापरतच नसे. पास किंवा फेल. घरी बायकोने केलेल्या चहालासुद्धा पास किंवा फेल. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "लग्नाला एकतीस वर्षं झाली भाऊजी, अजून मला माहीत नाही मी पास आहे की फेल." तेव्हा इंगळे आतून ओरडले, "चेकिंग चालू आहे."

मिल बंद झाली ते सगळ्या शहराला माहीत आहे, मी काय सांगू? एक दिवस भोंगा झाला नाही आणि मिल कामगारांची अर्धी परदेशीपुरा वस्ती घड्याळ नसल्यासारखी रस्त्यावर उभी राहिली. लोक रडले, मोर्चे निघाले. मी रडलो नाही. तोपर्यंत मी स्वतःचं छोटं दुकान टाकलं होतं, आणि मिलच्या वर्कशॉपची लेथ मशीनं लिलावात निघाली तेव्हा मी चार घेतली. लोकांनी मला गिधाड म्हटलं. म्हणू दे. मशीनं घेतली तर मशीनवरची माणसंही मीच घेतली, अकरा जण. त्या वर्षी अकरा घरांत पगार आला तो माझ्यामुळे, हे कुणी गिधाडाच्या नावावर लिहून ठेवलं नाही.

त्या अकरांत सर्वांत जुने रामेश्वरजी, मिलमधले तीस वर्षांचे फिटर, देवासकडचे. बोलणं माळवी, हात सोन्याचे. आणि त्यांच्यामागोमाग आले इंगळे. मी त्यांना माल तपासायला ठेवलं. खरं सांगायचं तर दयेपोटी ठेवलं नव्हतं. सियागंजच्या पायरीवरची ती तीन फेल बेअरिंगं मी नंतर स्वतः उघडून पाहिली होती. तिन्हींमध्ये गोळ्यांना चिरा होत्या. असा माणूस आपल्या बाजूला असावा, समोरच्या बाजूला नसावा, एवढा हिशेब मला कळतो.

कारखान्यात त्यांचा एक कोपरा होता. तिथे एक हॉट प्लेट, एक लोखंडी तवा आणि काचेच्या बरणीत निळे खडे. हवेतला ओलावा शोषणारे ते खडे ओलावा प्यायले की गुलाबी होतात, तापवले की पुन्हा निळे. इंगळे रोज सकाळी तव्यावर ते खडे परतत बसत, एखादी बाई शेंगदाणे भाजते तसे. त्यातले थोडे पुडीत बांधून शेवेच्या डब्यात टाकत. पावसाळ्यात सगळ्या इंदूरची शेव मऊ पडायची, आमच्या कारखान्यातली कुरकुरीत. रामेश्वरजी रोज मूठभर शेव उचलत आणि म्हणत, "मिलट्री की सेव है रे, दुश्मन के दाँत टूटेंगे."

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी त्यांना विचारलं, "साब, मिसाइल को मिसाइल मारती कैसे है?" इंगळ्यांनी सगळ्यांचे डबे मागून घेतले. जमिनीवर मांडले. सर्वांत मोठा तीन कप्प्यांचा डबा म्हणजे रडार. त्याच्या शेजारी पाण्याची कळशी, रडार थंड ठेवायचं यंत्र. त्याच्या शेजारी चटणीची वाटी, हवा सुकवायचं यंत्र. मग दोन डबे जनरेटर, कारण एक बंद पडला तर दुसरा आधीपासून चालू पाहिजे. एक डबा हिशेब करणारी गाडी, एक डबा हुकूम देणारी गाडी, एक डबा सुट्या भागांचा ट्रक, एक तपासणीचा. मधून नाड्या आणि सुतळ्या, म्हणजे केबली. अकरा जण आपापलं जेवण समोर रांगेत लागलेलं बघत उपाशी बसले.

"रडार काय करतं? लाटा फेकतं. त्या येणाऱ्या मिसाईलवर आपटून परत येतात. चार वेळा आल्या की कळतं ते कुठे आहे आणि किती वेगात आहे. पण तिथे मारायचं नाही. आपलं मिसाईल पोचेपर्यंत ते तिथे नसणार. हिशेबाची गाडी सांगते, इतक्या सेकंदांनी ते अमुक जागी असेल. त्या जागी आत्ता काही नाही. त्या रिकाम्या जागेवर आपलं मिसाईल सोडायचं. रस्त्यात खालून सांगत राहायचं, थोडं डावीकडे, थोडं वर. शेवटी त्याच्या नाकातला डोळा उघडतो, मग ते स्वतः बघतं. जवळ जाऊन फुटतं, किंवा सरळ जाऊन आपटतं."

मागावर काम केलेला एक जण म्हणाला, "म्हणजे धोट्यासारखं."

"अगदी. मागावरून धोटा उडाला तर तुम्ही धोट्याकडे बघता का? तो जिथे पोचणार तिथून डोकं काढता. इथे उलट, तिथे डोकं घालायचं."

गौतमपुऱ्याचा एक जण होता. त्याच्या गावी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोटाच्या फळात बारूद भरून, पेटवून एकमेकांवर फेकतात. तो म्हणाला, "साब, हमारे यहाँ हिंगोट से हिंगोट टकरा जाती है कभी कभी."

"हिंगोट कुठे जाणार ते हिंगोटलाच माहीत नसतं," इंगळे म्हणाले. "जे नीट फेकलंय तेच पकडता येतं."

"वो सब ठीक, पर साब, इसमें मिसाइल कहाँ है?"

इंगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खरंच राहिलं होतं. त्यांनी कुणाच्या तरी डब्यातली एक हिरवी मिरची उचलून कडेला ठेवली. "हे मिसाईल. सगळे लोक याचाच फोटो काढतात."

रामेश्वरजींनी हात लांबवला, मिरची उचलली आणि कचकन चावली. "लो साब. हमने रास्ते में ही मार गिराई."

त्या दिवशी मी इंगळ्यांना हसताना पाहिलं. एकदाच.

आता त्या कामाबद्दल सांगतो.

दक्षिणेत एक सरकारी संस्था असंच रडार बनवत होती, येणाऱ्या मिसाईलवर नजर ठेवणारं. रडारच्या लाटा यंत्रापासून अँटेनापर्यंत चौकोनी पितळी नळ्यांमधून जातात, आणि नळीला नळी जोडायला तोंडावर पितळी तबकड्या लागतात. तबकडीचं तोंड आरशासारखं सपाट पाहिजे. दोन तोंडांच्या मध्ये केसाएवढी फट राहिली तरी आतली कोरडी हवा निसटते, बाहेरची ओली आत शिरते, आणि आत ठिणगी पडते. ठिणगी पडली की रडार दोन सेकंद आंधळं. "दोन सेकंदांत ते पाच किलोमीटर खाली आलेलं असतं," इंगळे सांगत. पहिला लॉट दोनशे तबकड्यांचा. तो पास झाला की आमचं नाव कायमच्या यादीत. म्हणजे लोखंडी जाळ्या आणि पंपाचे तुकडे बनवणं संपलं. अकरा घरांना दहा वर्षं दुसरीकडे बघायचं कारण नाही. उदारीकरण उदारीकरण म्हणत जे सगळीकडे चाललं होतं, त्यातलं आमच्या दारात आलेलं ते एवढंच.

आम्हाला बोलावलं ते इंगळ्यांच्या नावामुळे. संस्थेची अट होती की तपासणारा माणूस रडारवर काम केलेला हवा आणि प्रत्येक पेटीवर त्याची सही हवी. मी आणि इंगळे रेल्वेने गेलो. तिथे दुसऱ्या एका कंपनीने साठ दिवस मागितले. मी टेबलावर हात आपटून पंचेचाळीस म्हटलं. काम माझं झालं. परतीच्या गाडीत इंगळे खंडव्यापर्यंत कागदावर दिवस मोजत होते. खंडव्याला चहा घेताना म्हणाले, "पंधरा दिवस कुठून आणणार?"

"इंगळेजी, सौदा असाच होतो. समोरच्याने साठ म्हटलं की आपण पंचेचाळीस."

"सौद्यात हो. पितळेत नाही."

मी म्हटलं, "तुम्ही हवा बघा."

पण काम सुंदर झालं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. रामेश्वरजी काचेच्या पाटीवर बारीक पावडर टाकून एकेक तबकडी हाताने घासत. आकडा आठ काढल्यासारखे हात फिरवत. त्यांच्या हातून निघालेल्या पितळेत चेहरा दिसायचा. चव्वेचाळिसाव्या दिवशी सकाळी इंगळ्यांनी दोनशेच्या दोनशे मोजून पास केल्या. फक्त पेट्यांत भरायच्या होत्या. त्यासाठी लागणारे निळे खडे भाजायला ते आपल्या कोपऱ्यात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघणार होती.

इकडे रामेश्वरजींनी शेवटचा हात फिरवला. मिलमध्ये तीस वर्षं त्यांचा एक नियम होता, हातातून निघालेला भाग पुसल्याशिवाय पुढे जायचा नाही. मशीनशेजारी सुताच्या गुंत्याचा ढीग असे, मिलमध्ये सगळे त्यानेच हात पुसत, मशीन पुसत, घाम पुसत. माझ्याकडेही तसाच ढीग होता. त्यातला मूठभर घ्यायचा, तबकडीच्या तोंडावर तोंडाने हाऽ करून वाफ सोडायची आणि गोल पुसायची. प्रत्येक तबकडी. दोनशे वेळा हाऽ. पोराचं तोंड पुसून शाळेत पाठवावं तसं.

आणि त्या ढिगात लेथचा बारीक पितळी चुरा होता.

इंगळे खडे घेऊन आले, एक तबकडी उचलली आणि खिडकीकडे धरली. मग नख फिरवलं. मग दुसरी. मग तिसरी. मग खाली बसले आणि सगळ्या दोनशे बघितल्या. तीन तास. मला माझ्या केबिनच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती. रामेश्वरजी दाराशी बिडी ओढत खुशीत होते.

केबिनमध्ये येऊन त्यांनी दार लावलं. "एकशे बासष्ट फेल. तोंडावर आडवे ओरखडे आहेत. आणि मधल्या भोकात सुताचे बारीक तुस आहेत."

"सुताचे?"

"रामेश्वरने पुसल्या."

"मग तुस फुंकून काढा!"

"तुस धुऊन निघतील. ओरखडे नाही. परत घासाव्या लागतील. आठ दिवस."

मी ताबडतोब तिकडच्या खरेदीच्या साहेबांना फोन लावला. आठ दिवस मागितले. ते शांतपणे म्हणाले, "पंचेचाळीस तुम्हीच म्हणाला होता." दुसरी कंपनी तयारच बसलेली होती. उद्या गाडी नाही तर काम नाही.

फोन ठेवला आणि मी इंगळ्यांना समजावलं. बरंच समजावलं. मला समजावता येतं, तीच माझी कमाई. मी म्हटलं, "हा सेट लढाईवर जाणार नाहीये. तुम्हाला पण माहीत आहे. तिथे पोरांना रडार शिकवायला वापरणार आहेत. याच्यावर कुठलं मिसाईल येणार नाही, याच्यावरून कुठलं जाणार नाही. सही करा."

"शिकवायचा आहे म्हणूनच," ते म्हणाले. "त्यावर ओरखडा दिसला तर पोरं काय शिकतील? की असं असतं."

"अकरा घरं आहेत, इंगळेजी. तुमचं धरून बारा."

"माहीत आहे."

"काय पाहिजे बोला. भागीदारी पाहिजे? कागद आत्ता करतो."

त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवून परत दिला. मग मी म्हटलं, "ठीक आहे, सही मीच मारतो." ते म्हणाले, "मारा. पण खाली नाव माझं छापलंय." पेन माझ्या हातात होतं. मी ते उघडलं नाही. का नाही उघडलं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. कदाचित ते गेले असते खोलीबाहेर तर उघडलं असतं. ते गेले नाहीत.

मग माझं डोकं गेलं. मी ओरडलो. बाहेर मशीनं चालू होती म्हणून कुणाला ऐकू गेलं नसावं. मी त्यांच्या जातीवरून एक वाक्य बोललो. ते इथे लिहीत नाही. मी ते आयुष्यात त्याआधी कुणाला बोललो नव्हतो असंही लिहीत नाही, कारण ते खोटं होईल.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, सुतळी कानामागे नीट केली. "झालं बोलून? आता रामेश्वरबद्दल बोलू."

"काय बोलायचंय? त्यानेच घालवलं सगळं. आत्ता बोलावतो त्याला."

"नाही. त्याला सांगायचं नाही. तो या हातांवर जगला. त्याला कळलं की त्याच्या पुसण्याने लॉट गेला, तर तो पुन्हा कशाला हात लावणार नाही. मी सांगतो सगळ्यांना."

आणि ते बाहेर गेले. मशीनं बंद करायला लावली. अकरा जणांसमोर म्हणाले, "लॉट जात नाही. माप घेण्यात माझी चूक झाली. चष्म्याचा नंबर वाढलाय, मला कळलं नाही."

रामेश्वरजी पुढे आले, इंगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "होता है साब. उमर है." हे मी काचेतून पाहिलं. ऐकूही आलं, कारण मशीनं बंद होती.

पण माणुसकीला मुदत असते. काम दुसऱ्या कंपनीला गेलं. त्या पितळेत आणि त्या कामासाठी आणलेल्या मशीनमध्ये माझं सगळं अडकलं होतं. दोन महिन्यांत मी चार जणांना घरी बसवलं, पुढच्या दोन महिन्यांत आणखी पाच. मिल एकदा बंद झाली ती शहराची होती, तिच्यासाठी शिवी द्यायला सरकार होतं, मालक होते. ही दुसऱ्यांदा बंद झाली तिच्यासाठी एकच माणूस होता. रामेश्वरजी हातगाडीवर ताळे-चाव्या दुरुस्त करायला बसले. तिथून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत, "सेठ ने अंधे आदमी को आँख का काम दे दिया था. हम सबको ले डूबा." माझ्यापाशीही बोलले. मी मान डोलावली.

इंगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात काम सोडलं होतं. निरोप घ्यायला आले नाहीत, मी बोलावलंही नाही. पुढे कळलं की अन्नपूर्णा भागात घरोघरी कूलर दुरुस्त करतात. वाळ्याच्या पट्ट्या बदलायच्या, पंप साफ करायचा. एकदा माझ्या साडूच्या घरी मी गेलो तर हे गच्चीवर कूलरपाशी पाण्यात हात घालून बसलेले. मी खालीच थांबलो. साडू म्हणाला, "अबे, हा माणूस अजब आहे. पंप चालतोय तरी म्हणतो फेल. बदलायलाच लावला." मी म्हटलं, "त्याच्या नादी लागू नको. माझं घर बुडवलं त्याने."

हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो. बाजारात, लग्नात, बँकेत. खोटं नव्हतं ते. त्यांनी सही केली असती तर लॉट वेळेवर रवाना झाला असता, कदाचित तिकडे पासही झाला असता, माझं नाव यादीत लागलं असतं. आणि वर त्यांनी जे केलं ते मला अजून सहन होत नाही. चूक रामेश्वरची, घाई माझी, आणि दोष स्वतः घेऊन हा माणूस चालता झाला. मला कुणी विचारलं नाही की मला हे गुपित सांभाळायचंय का. स्वतः मोठे झाले आणि मला ते माहीत असणारा एकमेव माणूस करून गेले. सौद्यात याला फसवणूक म्हणतात.

रामेश्वरजी गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी उठावना होता. आमच्याकडे संध्याकाळी तासभर सगळे पुरुष एकत्र बसतात, जाताना फोटोला फुलं वाहतात आणि हात जोडून निघतात. धर्मशाळेच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी टाकल्या होत्या. मी पहिल्या रांगेत होतो, शेठ म्हणून. लोक उठून फोटोपाशी जात होते. मीही गेलो, फुलं वाहिली आणि घरच्या माणसांच्या बाजूला उभा राहिलो. तेव्हा रांगेत मला इंगळे दिसले. खूप खंगलेले. शर्टाची बटणं कॉलरपर्यंत. हातात वर्तमानपत्रात बांधलेली फुलांची पुडी. हॉलच्या दाराशी ठेवलेल्या ताटातली फुलं सगळे घेत होते, यांनी आपली आणली होती.

ते फोटोपाशी पोचले तसा रामेश्वरजींच्या मोठ्या मुलाने हात आडवा केला.

"आप रहने दो काका."



"पापा आखरी दिन तक यही बोलते रहे," मुलगा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "कि माल सही था. हाथ का माल सही था. आपको नहीं दिखता था तो मना कर देते काम को. नौ घर थे."

इंगळे म्हणाले, "सही था बेटा. उनके हाथ में कोई कमी नहीं थी."

"तो फिर?"

इंगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलाच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो, चार फुटांवर. मला बोलायला आवाज चढवायचीही गरज नव्हती. त्या नजरेत मागणं नव्हतं, एवढं मी सौदेबाज म्हणून सांगू शकतो. ते फक्त पाहत होते मी काय करतो ते.

मी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "जाने दे बेटा. आज के दिन नहीं."

लोकांनी माना हलवल्या. सेठ किती समजूतदार, असं कुणीतरी मागे म्हणालंही.

इंगळ्यांनी फोटोला लांबूनच हात जोडले, पुडी सोडली नाही, आणि वळले. दाराशी चपलांच्या ढिगात त्यांना आपल्या चपला सापडेनात. बराच वेळ वाकून शोधत होते. कुणी उठलं नाही. मग सापडल्या. दारातून रस्त्यावर उतरताना त्यांनी पुडी छातीशी धरली होती, गर्दीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून. समोर सवारीचा टेम्पो थांबला, ते चढले, आणि खिडकीशी बसून पुडी मांडीवर ठेवताना मला दिसले.

उठावना संपायला अजून वीस मिनिटं होती. मी माझ्या जागेवर जाऊन शेवटपर्यंत बसलो.